अनोळखी इसमांनी धुतलेली विहीर

भिवाआबा कोळपे आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या पिशवीत दारूच्या क्वार्टरच्या सात बाटल्या होत्या. मी तेव्हा दौंडला, कोर्टाच्या समोरच्या गल्लीत, एका वकीलसाहेबांकडे टायपिस्ट होते. बाटल्या दिसताच वकीलसाहेबांनी मला जामीनअर्जाचा कागद मशीनला लावायला सांगितला. माणूस न बघता केस ओळखण्यात ते स्वतःला फार हुशार समजत.

आबांनी एकेक बाटली टेबलावर मांडली. आत दारू नव्हती, पाणी होतं. कुठं तांबूस, कुठं चहाच्या चोथ्यासारखं, आणि तळाला बोटभर साका. प्रत्येक बाटलीच्या गळ्याला लोकरीचा दोरा बांधलेला आणि दोऱ्याला गाठी. एक गाठ म्हणजे चैत्रातलं पाणी, दोन म्हणजे वैशाखातलं. आबांना लिहिता येत नव्हतं, पण पुढं एका तारखेला विरुद्ध बाजूच्या वकिलाचे कागद महिन्यांच्या बाबतीत गडबडले आणि आबांच्या गाठी बरोबर निघाल्या.

"प्या," आबा वकीलसाहेबांना म्हणाले.

"मी?"

"मग कोन? वकील तुमीच ना? का ही टकटक करनारी बाई हाय?"

वकीलसाहेबांनी बाटली उचलली, वास घेतला आणि खाली ठेवली. आबांनी मान हलवली. त्यांना हवं होतं ते उत्तर मिळालं होतं.

आबांची वस्ती दौंड तालुक्यात, बोरओढा नावाच्या ओढ्याकाठी. धनगरांची पंधरा-वीस घरं. बापजाद्यांनी मेंढरं घेऊन अर्धा मुलूख पालथा घातला होता. आबांच्या पिढीनं पाय रोवले, रानं केली, विहीर खणली. विहीर आबांच्या रानात, पण पाणी सगळ्या वस्तीचं. ओढ्याच्या वरच्या अंगाला, हायवेजवळ, कपड्यांचे रंग बनवायचा एक कारखाना आला. तो आपलं सांडपाणी ओढ्यात सोडायचा. सोमवारी ओढा निळा, गुरुवारी लाल. विहिरीला ओढ्याचाच पाझर, त्यामुळं तीही हळूहळू बिघडली. प्यायचं पाणी बायका दीड मैलावरून, मुख्य गावातनं आणायच्या, आणि धुणीभांडी त्याच विहिरीवर करायच्या. आबांची सून सुमन ही सगळ्यात जास्त राबणारी, म्हणून तिचे हात सगळ्यात जास्त गेलेले. बोटांच्या बेचक्यांतली कातडी सोललेली, नखं काळी. एकदा ती आबांबरोबर ऑफिसात आली तेव्हा तिनं सगळा वेळ हात पदराखाली ठेवले होते.

आबांना दोनच गोष्टी हव्या होत्या. ओढ्यात घाण सोडणं बंद व्हावं आणि तोवर कारखान्यानं वस्तीला चांगलं पाणी द्यावं. त्यासाठी त्यांनी दावा लावला.

त्या वर्षांत पाण्याबद्दल मोठमोठे निकाल येत होते. वरच्या कोर्टांनी सांगून टाकलं होतं की स्वच्छ पाणी हा माणसाच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि जो घाण करील त्यानंच ती निस्तरायची. वकीलसाहेब ते उतारे मला जाड पुस्तकांतून टाइप करायला देत. वाक्यं इतकी सुंदर की टाइप करताना मला उगाच बरं वाटायचं. पण दिल्लीत जाहीर झालेला हक्क दौंडला पोचतो तो कार्बन कॉपीसारखा. वरचा कागद ठळक, खालचा पुसट, आणि सगळ्यात खालच्यावर नुसते खळगे. आबांच्या वाट्याला तो खालचा आला होता. हे मला तेव्हाही कळत होतं, पण टायपिस्टला मत नसतं. असलं तर ते मशीनच्या आवाजात बुडवायचं असतं.

आबा उंच, वाळलेले, खांद्यावर बारा महिने घोंगडी. त्यांचा आवाज असा की कुजबुजले तरी अर्ध्या कोर्टाला ऐकू जायचं. जगात त्यांच्या लेखी एकच जात होती, बिनडोक. त्यात पोटजाती पाडल्या होत्या. तलाठी साधा बिनडोक. ग्रामसेवक सहीचा बिनडोक. प्रदूषणाचं बघायला येणारे अधिकारी शिकलेले बिनडोक. आमचे वकीलसाहेब कोटातले. मी टकटक करणारी, ते वर आलंच आहे. स्वतःच्या वस्तीला तर ते सरसकट धरायचे. "मेंढरं परवडली," म्हणायचे, "मेंढरू खड्ड्यात पडतं तवा निदान वरडतं तरी. ही मानसं खड्ड्यात पडून वर बघून हसत्यात."

आमच्याकडं दारात साहेब आला आणि त्याला चहा विचारला नाही, तर त्या घराची बरीच वर्षं चर्चा होते. आबांनी हा रिवाज मोडला होता. तक्रार बघायला अधिकारी आला की आबा त्याला खाटेवर बसवायचे आणि विहिरीचं पाणी भरलेलं फुलपात्र समोर ठेवायचे. चहा नाही, काही नाही. सुमन आतून चुळबुळ करायची, सरपंच बबनराव बाहेर डोक्याला हात लावायचे. बबनराव मुख्य गावातले बडे बागायतदार. वस्ती त्यांच्याच ग्रामपंचायतीत, आणि साहेब लोकांसमोर आपल्या पंचायतीची शोभा झालेली त्यांना खपत नसे. एक अधिकारी म्हणाला, आज उपास आहे. आबा म्हणाले, "उपास पान्याचा बी असतो व्हय? कंचा देव हाय त्यो?" दुसरा म्हणाला, डॉक्टरांनी उकळलेलंच प्यायला सांगितलंय. आबांनी सुनेला चूल पेटवायला लावली. पाणी उकळू लागलं आणि वासानं साहेब उठून अंगणात गेला. मात्र अहवालात दोघांनीही लिहिलं, 'पाण्यास किंचित रंग असल्याचे निदर्शनास आले.'

"किंचित," आबा मला म्हणाले. "किंचित म्हंजी किती?"

"थोडासा, आबा."

"मग थोडासा प्यायचा हुता की."

दाव्यात आबांची उलटतपासणी झाली त्या दिवशी कोर्टात उभं राहायला जागा नव्हती. कारखान्याचा वकील पुण्याहून आलेला, इस्त्रीचा, अत्तराचा. त्यानं विचारलं, "आबा, शिक्षण किती?"

"न्हाई."

"रसायनशास्त्र?"

"त्ये कुठं ऱ्हातं?"

लोक हसले. वकीलही हसला, कारण त्याला हवं तेच चाललं होतं. "मग पाण्यात काही मिसळलंय हे तुम्हाला कळलं कसं?"

"मला न्हाई कळलं. मेंढराला कळलं."

"मेंढरू काय म्हणालं?"

"काय न्हाई म्हनालं. तान्हेलं हुतं, इहिरीच्या डोनीपातूर गेलं, वास घेतला आन् माघारी फिरलं. दीडशेच्या दीडशे फिरली. तुमी जाऊन तोंड लावून बगा. तुमी मेंढरापरास शानं दिसताय."

कोर्टानं नोंद केली की वादीने मेंढ्यांच्या वर्तनावरून अनुमान काढले. आबांच्या बाटल्यांबद्दल नोंद झाली की सदर नमुने विहित रीतीने घेतलेले नाहीत. ती नक्कल मीच टाइप केली. एका माणसानं महिनोन्महिने दोऱ्याला गाठी मारून जमवलेली साक्ष मी दोन ओळींत निकालात काढली आणि शेवटी पूर्णविराम दिला. वकीलसाहेबांनी मग शहाणपणाचा अर्ज केला. कोर्टानं आपला माणूस नेमावा, त्यानं प्रयोगशाळेच्या माणसाबरोबर जागेवर जावं, रीतसर नमुना घ्यावा. अर्ज मंजूर झाला. कोर्टानं एका तरुण वकिलाला कमिशनर नेमलं आणि नियमाप्रमाणं दोन्ही बाजूंना आधी नोटीस गेली की अमुक दिवशी सकाळी विहिरीची तपासणी होईल.

वकीलसाहेब खूश होते. हा नमुना एकदा बाटलीत गेला की दावा आपला, असं ते म्हणाले, आणि ते खरंही होतं. आबांनाही पटलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा सरकारी बाटली त्यांच्या विहिरीत उतरणार होती.

आता जे झालं त्याला कुणी कट म्हणेल. तो कट नव्हता, आणि म्हणूनच मला आजही त्याचा राग येतो. कटात निदान अक्कल लागते.

त्या काळात ग्रामस्वच्छता अभियान जोरात होतं. तपासणी समिती येणार म्हटलं की गावं पहाटेपासून झाडायला लागायची. उकिरडे हलवायचे, भिंतींना गेरू, दारात रांगोळ्या, विहिरीत पावडर. समिती यायची, नाकाला रुमाल न लावता फिरायची, गुण द्यायची आणि हार घालून जायची. दुसऱ्या दिवशी उकिरडा जुन्या जागी. बबनरावांच्या पंचायतीला नुकतंच तालुक्यात कसलंसं बक्षीस मिळालं होतं आणि त्याचा ताठा अजून उतरला नव्हता. अशात कोर्टाची नोटीस आली. बबनरावांनी ती वस्तीवर वाचून दाखवली. 'तपासणी' हा शब्द सगळ्यांनी ऐकला. कोर्टाचा साहेब, म्हणजे समितीच्याही वरचा. विहीर बघायला येणार. मग विहीर अशी दाखवायची?

आबा असते तर त्यांनी एकेकाला शिव्या घालून घरी पाठवलं असतं. पण आबा आठवडाभर पुण्याला होते, मोतीबिंदूच्या शिबिरात. तारीख त्यांनी हातावरच्या दोऱ्याला गाठी मारून लक्षात ठेवली होती आणि त्याच दिवशी सकाळी थेट वस्तीवर येणार होते.

वस्तीनं दोन दिवस मोटर लावून विहीर उपसली. पोरं-बापे खाली उतरले आणि रंगाचा गाळ घमेल्यांनी वर काढला. लक्ष्मण, आबांचा मुलगा, त्यात सगळ्यांत पुढं. दगडी भिंत खराट्यानं घासली. मग पावडर टाकली. मग प्रश्न आला की रिकामी विहीर साहेबाला काय दाखवायची? बबनरावांनी फोन केला आणि कालव्याच्या गोड पाण्याचे टँकर आले. टँकर कुणी पाठवले? कारखान्यानं. लगेच, हसतमुखानं, एका फोनवर. या सगळ्या गावात तपासणी कशाची आहे हे नेमकं ठाऊक असलेला तो एकटाच होता. बबनरावांना वाटलं, कारखानेवाले शेवटी माणुसकीला जागले. वस्तीनं टँकरच्या ड्रायव्हरला चहा पाजला.

कमिशनरसाहेबांकडं टायपिस्ट नव्हती आणि आमचे वकीलसाहेब दुसऱ्या तारखेत अडकले होते, म्हणून पंचनामा लिहायला मीच गेले होते. जीप थांबली आणि मला आधी दिसली ती रांगोळी. विहिरीच्या काठाला गोल, मोराची, पाच रंगांची. रहाटाला आंब्याचं तोरण. सुमन नवं लुगडं नेसून उभी होती आणि तिनं हात आज पदराखाली घेतले नव्हते. पाणी निवळशंख. खालची पायरी दिसत होती.

आबा आमच्या मागोमाग एसटीतून उतरले. डोळ्यावर हिरवं कापड, दुसरा डोळा आधीच अधू. त्यांना रांगोळी दिसली नाही. ते रस्त्यातच थांबले आणि नाक वर केलं.

"वास कुठं गेला?" ते म्हणाले.

कमिशनरसाहेब आणि प्रयोगशाळेचा माणूस अजून जीपमधून सामान उतरवत होते. मग सुमन पुढं आली, कौतुकानं म्हणाली, "मामंजी, समद्यांनी मिळून इहीर धुतली. सायेब येनार म्हनून."

आबा काठापर्यंत चालत गेले. रांगोळीत पाय पडला. त्यांनी वाकून बघितलं, कितीतरी वेळ बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस अख्ख्या वस्तीला फाडून खाणार. ते बाटलीला जागा देऊन काठावरून बाजूला झाले. प्रयोगशाळेच्या माणसानं बाटली सोडली, भरली, बूच लावून सील केलं. कमिशनरसाहेब तरुण होते, लाजरे होते. त्यांनी सुमननं दिलेलं फुलपात्र उचललं आणि घटाघटा प्यायले. "गोड आहे," ते म्हणाले, आणि सुमनचा चेहरा फुलला. वादीच्या सुनेच्या हातचं पाणी कोर्टाच्या माणसानं गोड म्हणून प्यावं आणि तिथं दावा बुडावा, ही गोष्ट मी कुणाला सांगितली तर लोक हसतात. मीही त्या वेळी पंचनाम्यात 'पाणी स्वच्छ व गंधरहित' असं लिहीतच होते.

आबा दुसऱ्या दिवशी ऑफिसात आले. वकीलसाहेब संतापले होते, पण त्यांच्यातला वकील जागा होता. "अजून वेळ गेली नाही," ते म्हणाले. "आपण प्रतिज्ञापत्र करू. नमुना घेण्याआधी विहिरीतलं मूळ पाणी काढून बाहेरचं पाणी ओतलं, असं शपथेवर सांगू. पुन्हा तपासणी मागू. फक्त कुणी केलं त्यांची नावं लागतील. त्यांना साक्षीला बोलवू."

"नावं दिली की काय व्हतं?"

"कोर्टात उभं राहून सांगतील. कारखान्याचा वकील उलटतपासणी घेईल. पुरावा नष्ट केला म्हणून त्यांच्यावर किटाळ आणायचा प्रयत्न करील, पण ते आपण बघू."

आबांनी माझ्याकडं बघितलं. "लिव," म्हणाले. मी कागद लावला. त्यांनी घडाघडा सांगितलं, मोटर, गाळ, पावडर, टँकर, एकही तपशील न गाळता. मग मी विचारलं, "कुणी, आबा? नावं?"

"लिव, अनोळखी इसम."

वकीलसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. "आबा! दोन दिवस वस्तीत मोटर चालली, आणि इसम अनोळखी? रांगोळी काढून जाणारे अनोळखी इसम? कोर्ट हसेल."

"हसू द्या."

"अहो, तुमचीच सून, तुमचाच मुलगा. त्यांनी मुद्दाम नाही केलं हे कोर्टाला सांगू ना आपण!"

"त्यो अत्तरवाला तिला काय इचारील त्ये मला ठावं हाय. मेंढरावरनं मला इचारलंच की. मी पुरून उरलो. ती न्हाई उरायची." आबांचा आवाज तेव्हा पहिल्यांदा खाली आला. "ती बिनडोक हाय, वकीलसायेब. गुन्हेगार न्हाई. समदी वस्ती बिनडोक हाय. पर माज्या अंगठ्यानं त्यांची नावं कोरटात जायची न्हाईत."

"मग दावा जाईल."

"तुमी लिवा."

मी लिहिलं. 'काही अनोळखी इसमांनी सदर विहीर स्वच्छ केली व तिच्या कठड्याभोवती रांगोळी काढली.' इतकं हास्यास्पद वाक्य मी माझ्या नोकरीत दुसरं टाइप केलं नाही, आणि इतकं खरंही. आबांनी दोन ठिकाणी अंगठा उमटवला. दोन्ही वेळा शाई जास्त लागली.

कोर्ट हसलं नाही, पण जे म्हणायचं होतं ते निकालात सभ्य भाषेत म्हटलं. वादीची कहाणी विश्वासार्ह वाटत नाही, कमिशनरचा अहवाल व प्रयोगशाळेचा दाखला स्पष्ट आहे, सबब दावा फेटाळण्यात येतो. अपील आबांनी केलं नाही. पाझरानं विहीर महिन्याभरात पुन्हा तांबडी झाली, पण आता तिच्यावर कोर्टाचा शिक्का होता की ती निर्मळ आहे. सुमन पुन्हा दीड मैलावरून पाणी आणू लागली. तिला बहुधा कधी कळलंच नाही की दावा का गेला. आबांनी तिला सांगितलं नसणार. ते तिला फक्त बिनडोक म्हणत राहिले, आणि ती आपली, मामंजींचं तोंडच तसं आहे, म्हणून सोडून देत राहिली.

वकीलसाहेब पुढं पुण्याला गेले. माझा टाइपरायटर भंगारात गेला, मी कॉम्प्युटर शिकले आणि छपाईची, अर्ज लिहून द्यायची कामं घेऊ लागले. दिल्लीहून आणखी कायदे आले. माहितीचा अधिकार आला. नव्या कारखान्याला किंवा जुना वाढवायचा असेल तर जनसुनावणी घ्यायची, लोकांचं म्हणणं नावानिशी नोंदवायचं, असा नियम आला. कागद पुष्कळ ठळक झाला होता.

रंगाच्या कारखान्याला आता दुप्पट वाढायचं होतं. त्याची सुनावणी त्याच्याच आवारात, मंडप घालून झाली. कार्यवृत्त टाइप करायचं काम मला मिळालं. भाड्याचा लॅपटॉप घेऊन मी सुनावणी घेणाऱ्या सरकारी साहेबांच्या मागच्या टेबलावर बसले. व्यासपीठावर प्रत्येकासमोर सीलबंद पाण्याची बाटली. कारखान्याचा एक टायवाला पडद्यावर चित्रं दाखवत होता, पण उन्हात पडद्यावर काही दिसत नव्हतं. तो म्हणाला की कारखान्यानं धूर कमी केलाय, झाडं लावलीत, आणि या कमी केलेल्या कार्बनची प्रमाणपत्रं आता परदेशातल्या कंपन्या विकत घेणार आहेत. परिसरातल्या पाण्याबद्दल म्हणाला की यावर मागंच कोर्टाचा निर्वाळा आहे, आणि कमिशनरचा जुना अहवाल वाचून दाखवला. पाणी स्वच्छ व गंधरहित. माझंच वाक्य. मंडपात वस्तीची माणसं बसली होती, बबनराव पुढच्या खुर्चीत. लक्ष्मण आता याच कारखान्यात कंत्राटावर होता, उभा राहून लोकांना चहा देत होता. सुमन बायकांच्या रांगेत.

साहेबांनी विचारलं, कुणाची काही हरकत?

मागच्या बाजूला आबा उठले. बरेच थकले होते. माईक त्यांच्यापर्यंत नेला, त्यांनी तो बाजूला सारला.

"नाव सांगा," साहेब म्हणाले.

"भिवा धोंडिबा कोळपे. ऱ्हानार बोरओढा. लिवून घ्या. त्यो कागुद खोटा हाय. तपासनीच्या आदी इहिरीतलं पानी बदाललं हुतं."

मंडपात चुळबुळ झाली. बबनराव मागं वळले. लक्ष्मणच्या हातातला ट्रे थांबला.

"कुणी बदललं?"

"मी."

"तुम्ही? तुम्हीच तर दावा लावला होता ना?"

"व्हय. मीच लावला आन् मीच बदाललं. येकट्यानं. मोटर मी लावली. गाळ मी काडला. टँकर मी वतला. रांगूळी बी मीच काडली. काय सजा असंल ती मला द्या, पर कागुद खोटा हाय त्येवडं लिवा."

आधी एक हसला, मग सगळे. म्हातारा विहिरीत उतरून गाळ काढतोय आणि वर येऊन मोराची रांगोळी काढतोय, हे चित्र मोठं गमतीचं होतं. बबनरावही हसले, ज्यांच्या एका फोनवर टँकर आले होते. सुमन हसली नाही. तिनं मान खाली घातली आणि आपल्या हातांकडं बघत बसली. बहुतेक त्या क्षणी तिला सगळं कळलं. पण ती उठली नाही. लक्ष्मणनं उठण्याचा प्रश्नच नव्हता, तो उभाच होता. ज्यांनी गाळ काढला त्यांच्यातलं एकही माणूस बोललं नाही. मी त्यांना नावं ठेवायला नको. पंचनामा लिहिणारी, प्रतिज्ञापत्र टाइप करणारी, सगळं धडधडीत माहीत असलेली एकच बाई त्या मंडपात होती, आणि तीसुद्धा बसून राहिली.

जेवणाच्या पंगती बसल्यावर साहेबांनी मला कार्यवृत्त सांगायला घेतलं. नियम असा की ते तिथंच लोकांना वाचून दाखवायचं. लोक बुंदी आणि जिलेबी खात होते तेव्हा ते वाचलं गेलं, माईक बंद झाल्यावर. आबांच्या जागी साहेबांनी सांगितलं, "लिहा. एका ग्रामस्थाने परिसरातील जुन्या विहिरीबाबत मत मांडले. त्याचे समाधान करण्यात आले."

"साहेब, त्यांनी नाव सांगितलंय," मी म्हणाले.

"मॅडम, प्रत्येकाचं नाव घालत बसलो तर उद्या उजाडेल. आणि ते काय बोलले ते ऐकलंत ना तुम्ही? म्हाताऱ्याला उगाच अडचणीत कशाला आणायचं?"

हे मला इतकं सोयीचं वाटलं की मी लगेच टाइप केलं.

सामान घेऊन बाहेर आले तर आबा फाटकाबाहेर बाभळीखाली बसलेले. कारखान्याचं जेवण ते जेवले नव्हते. मला बघून उठले.

"लिवलं का?"

"लिहिलं, आबा."

"माज्या नावानं?"

"तुमच्या नावानं."

"सुमनचं, कुनाचं न्हाई ना घातलं?"

"नाही आबा. कुणाचंच नाही."

त्यांनी अधू डोळ्यानं माझ्याकडं नीट बघून घेतलं. "बरं झालं," म्हणाले. "येवड्या बाजारात येक तरी डोक्याचं मानूस निगालं." मग घोंगडी सारखी करून वस्तीच्या वाटेला लागले.

दौंडला सोडायला साहेबांची जीप उभी होती. सीटवर माझ्या वाटणीचा जिलेबीचा पुडा ठेवलेला होता आणि त्यावर पेनानं माझं नाव लिहिलेलं होतं, आडनावासकट.